पराणी आणि कासरा

आपल्याकडे 'हार्ट फेल झाले' म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ घेतला जातो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या मामांच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' असे लिहिले, तेव्हा मामी तो कागद हातात घेऊन मटकन खाली बसल्या. मामा मात्र समोरच उभे होते आणि आजही आहेत. धाप लागते, पायांवर सूज येते, पण शेताच्या बांधापर्यंत जातात.

गेल्या दिवाळीत आजोळी गेले, तेव्हा मामांनी खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. मानेतल्या मज्जातंतूला यंत्राने विजेची हलकी उत्तेजना दिली की दुबळे हृदय सुधारते, असा त्याचा आशय होता. मामा म्हणाले, "पोरी, तू कॉलेजात तर्कशास्त्र शिकतेस ना? मग हे खरे की खोटे, एवढे शोधून सांग. खरे असेल तर ओढ्याकडचा तुकडा विकायची माझी तयारी आहे."

मी कला शाखेची विद्यार्थिनी. हृदयाचा माझा परिचय कवितेतला. तरीही जमिनीचा प्रश्न होता आणि माणसाचाही. विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीची पुस्तके मागून घेतली, ग्रंथालयात बसले, न समजलेले एका डॉक्टरांकडून समजावून घेतले. त्यातून जे हाती लागले, ते या लेखात मांडत आहे. कोणाला औषधोपचाराचा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. 'अमुक उपचार गुणकारी आहे' असे विधान आपण कशाच्या बळावर करतो, एवढाच माझा विषय आहे.

हृदय दुबळे होते म्हणजे काय?

निरोगी माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त खेळवते. डाव्या जवनिकेत जेवढे रक्त भरते, त्यातले निम्म्याहून अधिक, साधारण ५५ ते ७० टक्के, एका ठोक्यात बाहेर ढकलले जाते. हृदयविकाराचा झटका, दीर्घकाळचा रक्तदाब, झडपांचे दोष किंवा स्नायूंचेच आजार यांमुळे ही शक्ती घटते. ती ४० टक्क्यांवर किंवा त्याहून खाली आली की या आजाराचा एक मुख्य प्रकार होतो. आणखी एका प्रकारात ढकलण्याची शक्ती ठीक असते, पण हृदय नीट सैल पडत नाही. हा लेख पहिल्या प्रकारापुरता आहे. त्याला मी 'हृदयदौर्बल्य' म्हणते, कारण अशा वेळी हृदय बंद पडलेले नसते, ते पुरे पडत नसते.

हृदयाला बांधलेले दोन दोर

हृदयाचा ठोका हृदयातच जन्मतो. उजव्या कर्णिकेत एक लहानसे केंद्र असते, ते आपण होऊन ताल धरते. बाहेरून कोणी हात लावला नाही, तर तरुण माणसात हा ताल मिनिटाला सुमारे १०० असतो. हृदयारोपण केलेल्या रुग्णात याचा प्रत्यय येतो. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, म्हणून ते विश्रांतीतही जलद चालते. मग आपली नाडी सत्तरच्या आसपास का असते? कारण हृदयाला दोन दोर बांधलेले आहेत.

पहिला दोर अनुकंपी तंत्रिकांचा. भीती, धावपळ, रक्तस्राव अशा वेळी तो हृदयाला हाकतो. दुसरा दोर प्राणेशा तंत्रिकेचा. डॉक्टर तिला 'व्हेगस' म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'भटकणारा'. मेंदूच्या बुडातून निघून ही तंत्रिका मानेतून छातीत आणि पुढे पोटात हिंडत जाते, म्हणून हे नाव. ती हृदयाला आवरते. शेतकऱ्याच्या घरातल्या भाषेत बोलायचे तर पहिली पराणी आणि दुसरा कासरा.

कासरा ओढला की हृदय मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवून दिले. प्राण्याच्या या तंत्रिकेला विजेने उत्तेजित केले असता हृदय मंद होऊन थांबलेसुद्धा. हे कसे घडते, याचा उलगडा १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी केला. त्यांनी बेडकांची दोन हृदये घेतली. एकाच्या तंत्रिकेला उत्तेजना देऊन ते मंद केले आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसऱ्याच्या तंत्रिकेला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतूचा निरोप रसायनाच्या रूपाने पोचतो. ते रसायन पुढे ॲसिटिलकोलीन ठरले. या प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, असे लोवी सांगत. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळून मिळाले.

थकलेल्या बैलाला पराणी

हृदय दुबळे झाले की रक्तदाब घसरू लागतो. शरीराला त्याचे कारण कळत नाही. जखम होऊन रक्त वाहून जात आहे, अशाच थाटात ते वागते. अनुकंपी तंत्रिका हृदयाला हाकू लागतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. जखमी माणसाला घटकाभर वाचवणारी ही व्यवस्था आहे. हृदयदौर्बल्यात मात्र ती महिनोन् महिने चालू राहते. दुबळे हृदय वाढत्या ओझ्याखाली जलद धावते आणि आणखी थकते. १९८४ मध्ये जे. एन. कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्या रुग्णांच्या रक्तात नॉरॲड्रेनलीन, म्हणजे या पराणीचे रसायन, अधिक सापडले, ते लवकर दगावले.

येथून पुढचा विचार कोणालाही सुचेल. पराणी मारते आहे आणि कासरा ढिला पडला आहे. मग कासरा ओढावा! गळ्याच्या हाडाखाली पेसमेकरसारखी बॅटरी बसवावी, तिची तार मानेतल्या प्राणेशा तंत्रिकेला जोडावी आणि ठरावीक वेळाने हलकी उत्तेजना द्यावी. असे यंत्र फेफऱ्याच्या रुग्णांसाठी आधीच वापरात होते. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली होती.

तर्क सरळ आहे आणि त्याची प्रत्येक कडी खरी आहे. मामांचे कात्रण येथेच थांबले होते. दिवाळीत मीही येथेच थांबले असते.

पुराव्याची पायरी

तर्काला प्रयोगाचा आधारही लवकरच मिळाला. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या हृदयाला इजा करून त्यांच्यात हृदयदौर्बल्य निर्माण केले आणि काहींच्या उजव्या प्राणेशा तंत्रिकेला सहा आठवडे उत्तेजना दिली. १४० दिवसांनंतर उत्तेजना दिलेल्यांपैकी ८६ टक्के उंदीर जिवंत होते आणि न दिलेल्यांपैकी ५० टक्के. हा फरक थोडाथोडका नव्हे.

मग माणसांची पाळी आली. २०११ मध्ये युरोपातील ३२ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत त्यांची रक्त ढकलण्याची शक्ती सरासरी २२ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेली होती. २०१४ मध्ये 'अँथेम-एचएफ' या चाचणीचे निष्कर्ष आले. ही चाचणी आपल्या भारतातील रुग्णांवर झाली होती. ६० रुग्णांपैकी काहींच्या डाव्या, तर काहींच्या उजव्या तंत्रिकेला उत्तेजना दिली गेली. त्यांच्यातही सुधारणा आढळली.

इथे मला आमच्या वर्गातील मिलच्या पद्धती आठवल्या. व्यतिरेक पद्धती सांगते की, दोन उदाहरणे इतर सर्व बाबतींत सारखी आणि एकाच बाबतीत निराळी असतील, तरच त्या एका बाबीला कारण म्हणावे. या दोन्ही अभ्यासांत यंत्राविना ठेवलेला, तुलनेसाठीचा गट नव्हता. यंत्र बसवलेल्या रुग्णाकडे अधिक लक्ष दिले जाते, त्याची औषधे वेळेवर होतात, त्याच्या मनाला उभारी येते. काही रुग्ण तर आपोआपही सुधारतात. सुधारणा यंत्रामुळे झाली की यंत्र बसवल्यानंतर झाली? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असेही असू शकते.

म्हणून पुढच्या चाचण्यांत तुलनेचा गट ठेवला गेला. 'नेक्टर-एचएफ' मध्ये ९६ रुग्णांना यंत्र बसवले, पण काहींचे चालू ठेवले आणि काहींचे सहा महिने बंद. हृदयाच्या आकारात फरक पडला नाही. चालू यंत्राच्या गटाला बरे वाटत होते, हे खरे. परंतु उत्तेजना घशाला जाणवते, त्यामुळे आपले यंत्र चालू आहे हे अनेकांनी ओळखले होते. ज्याला ते कळले, त्याच्या 'बरे वाटते' या उत्तराला किती वजन द्यावे?

सर्वांत मोठी चाचणी 'इनोव्हेट-एचएफ'. तिच्यात ७०७ रुग्ण होते आणि निष्कर्ष २०१६ मध्ये जाहीर झाले. मृत्यू येणे किंवा आजार बळावणे, यांपैकी एक गोष्ट यंत्र बसवलेल्यांपैकी ३०.३ टक्क्यांच्या बाबतीत घडली आणि न बसवलेल्यांपैकी २५.८ टक्क्यांच्या बाबतीत. हा फरक योगायोगाचा असू शकतो, म्हणून 'यंत्राने अपाय झाला' असे म्हणता येत नाही. पण 'उपयोग झाला' असे तर मुळीच म्हणता येत नाही. चाचणी पुढे चालवण्यात अर्थ नाही, असे ठरून ती थांबवली गेली. आणखी एक मोठी चाचणी २०१८ मध्ये सुरू झाली होती. मधल्या टप्प्यावरील आकडे आशादायक न निघाल्याने तीही २०२३ मध्ये गुंडाळण्यात आली.

असे का झाले, याची काही उत्तरे तज्ज्ञ देतात. उंदरांचे ठोके उत्तेजनेने मिनिटाला २० ते ३० नी कमी केले होते. माणसात तेवढी उत्तेजना देता येत नाही, कारण त्याआधीच खोकला येतो, आवाज बदलतो, घसा दुखतो. शिवाय प्राणेशा तंत्रिका म्हणजे एकच तार नव्हे. तिच्यात हजारो तंतू असतात आणि त्यांतले बहुसंख्य हृदयाकडे जाणारे नसून अवयवांचा निरोप मेंदूकडे नेणारे असतात. कासरा ओढला म्हणताना नेमका कोणता धागा ओढला गेला, हे सांगणे अवघड. तसेच या रुग्णांना आधीपासून उत्तम औषधे चालू होती, उंदरांना ती नव्हती.

तर्क उलट बाजूनेही फसतो

येथपर्यंत वाचून 'म्हणजे डॉक्टरांचे सिद्धान्त फोल' असे कोणी म्हणेल, तर त्याने पुढची हकीकत ऐकावी.

पराणीचा परिणाम रोखणारी औषधे १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आली. त्यांना 'बीटा ब्लॉकर' म्हणतात. हृदयदौर्बल्यात ही औषधे देऊ नयेत, अशीच तेव्हा शिकवण होती. तर्क असा की, दुबळे हृदय पराणीच्या जोरावर तर कसेबसे चालले आहे, तीच काढून घेतली तर ते बसेल. हा तर्कही सरळ होता. १९७५ मध्ये स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील डॉक्टरांनी ७ रुग्णांना ही औषधे देऊन सुधारणा झाल्याचे लिहिले, तेव्हा फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. अखेर १९९९ मध्ये 'सिबिस-२' या चाचणीचे आकडे आले. २,६४७ रुग्णांपैकी निम्म्यांना बिसोप्रोलॉल आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती. सरासरी सव्वा वर्षात दुसऱ्या गटातील १७.३ टक्के रुग्ण दगावले आणि औषध घेणाऱ्यांपैकी ११.८ टक्के. औषधाचा गुण इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

मग पराणी काढणे केव्हाही चांगलेच, असा नियम करावा काय? तोही टिकत नाही. मॉक्सोनिडीन नावाचे औषध मेंदूतच अनुकंपी तंत्रिकांचा जोर कमी करते. हृदयदौर्बल्याच्या रुग्णांत त्याची चाचणी घेतली, तेव्हा औषध घेणारेच अधिक दगावू लागले आणि ती चाचणीही बंद करावी लागली.

बैल, पराणी आणि कासरा यांचा दृष्टान्त मी वर दिला. तर्कशास्त्रात त्याला साम्यानुमान म्हणतात. साम्यानुमान कल्पना सुचवते, ती सिद्ध करत नाही. तीन ठिकाणी एकाच दृष्टान्ताने तीन निरनिराळी फळे दिली, आणि कोणते फळ कोणाच्या पदरात पडणार, हे चाचणीवाचून कोणालाही आधी कळले नाही.

दुसरा मार्ग आणि दोन वेगळे प्रश्न

मज्जातंतूच्या उत्तेजनाचा आणखी एक मार्ग आहे. मानेतील कॅरोटिड धमनी जेथे दुभागते, तेथे रक्तदाब मोजणारे मज्जातंतूंचे टोक असते. तेथे यंत्राने उत्तेजना दिली की रक्तदाब वाढला आहे असे मेंदूला वाटते आणि तो पराणी आवरून कासरा ओढतो. कल्पना जुनी आहे. १९६७ मध्ये यूजीन ब्राउनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीतील कळ थांबवण्यासाठी ती वापरली होती. हृदयदौर्बल्यासाठीच्या अशा यंत्राला अमेरिकेत ऑगस्ट २०१९ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत सहा महिन्यांनी यंत्रधारी रुग्ण सहा मिनिटांच्या चालण्यात दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ६० मीटर अधिक चालत होते. ज्याला अंगणातून ओसरीवर येताना थांबावे लागते, त्याला ६० मीटर म्हणजे पुष्कळ. पण याच चाचणीचा दीर्घ मुदतीचा भाग २०२३ मध्ये पुरा झाला, तेव्हा मृत्यू आणि आजार बळावणे यांत दोन गटांमध्ये ठळक फरक दिसला नाही. शिवाय यंत्र कोणाला बसवले आहे, हे रुग्णांना माहीत होते.

म्हणजे 'गुण येतो का?' हा एक प्रश्न नसून दोन आहेत. बरे वाटते का? आणि अधिक जगतो का? दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. धाप कमी होणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे ही फसवणूक आहे. कात्रणात नेमके तेच झाले होते.

ओसरीवरचा निकाल

संक्रांतीला मी पुन्हा आजोळी गेले. मामांना काय सांगायचे, ते वहीत लिहून नेले होते. डॉक्टरांना दाखवता यावे म्हणून त्यांच्या चालू गोळ्यांची नावे उतरवून घ्यायला बसले. डब्यात एक पाकीट जसेच्या तसे भरलेले होते. विचारले, तर मामी म्हणाल्या, "ती घेतली की मरगळ येते, नाडी मंद होते, म्हणून यांनी दसऱ्यापासून बाजूला ठेवली आहे."

ती गोळी बीटा ब्लॉकरची होती.

मी वही मिटली. जो कासरा विकत घेण्यासाठी मामा जमीन विकायला निघाले होते, त्याच कामाची गोळी डब्यात पडून होती. तिच्या पाठीशी हजारो रुग्णांचा पुरावा होता. नाडी मंद होणे हा तिचा दोष नव्हता, ते तिचे कामच होते. आरंभी काही दिवस मरगळ वाटते, म्हणून डॉक्टर ती अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, हे मी वाचले होते. पण मामांना ते कोणी नीट सांगितले नव्हते, किंवा गर्दीत सांगितलेले त्यांना ऐकू आले नव्हते.

मामा म्हणाले, "अगं, पण त्या यंत्राचे काय?"

मी म्हणाले, "मामा, त्या यंत्राने माणूस अधिक जगतो, असे अजून कोणी दाखवलेले नाही. या गोळीने जगतो, हे दाखवले आहे. ओढ्याकडचा तुकडा राहू द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला डॉक्टरांकडे गेलो. मध्ये इतका खंड पडल्यामुळे त्यांनी जुनी मात्रा एकदम दिली नाही, लहान मात्रेपासून पुन्हा सुरुवात केली आणि मरगळ आली तर गोळी बंद न करता आधी माझ्याकडे या, असे दोनदा बजावले. यंत्राबद्दल ते एवढेच म्हणाले की, औषधे पुऱ्या मात्रेत घेऊनही त्रास उरला, तर त्याचा विचार तेव्हा करू. मला हे उत्तर पटले. पुढे कोणी जाणकार योग्य रुग्ण, योग्य तंतू आणि योग्य मात्रा शोधून काढतीलही. तसे झाले तर तेही तुलनेच्या गटासह केलेल्या चाचणीतूनच कळेल.

वर्गात व्यतिरेक पद्धती शिकताना परीक्षेला ती पाच गुणांना येते, याहून अधिक विचार मी केला नव्हता. शास्त्र कोणतेही असो, 'हे तुला कशावरून कळले?' हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही विचारता येतो आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. मामा सध्या सकाळ-संध्याकाळ गोळी घेतात. ओढ्याकडच्या तुकड्यात यंदा हरभरा आहे.